खुडूक कोंबडीखाली धामणीची अंडी

सकाळी सहाला शहाडहून माझ्या नणंदेचा, विमलचा फोन आला. "वहिनी, काल शेतात टाकायला खत काढताना उकिरड्यात चौदा अंडी सापडली. लांबट, पांढरी, दाबली तर मऊ लागतात. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ती उबवायला खुडूक कोंबडीखाली ठेवलीत."

"सापाची असणार. कोंबडी उठव."

"आई उठवू देत नाहीत. बसलेली कोंबडी उठवायची नसते म्हणतात."

मी प्राणिशास्त्रात बीएस्सी केलं त्याला चाळीस वर्षं झाली. बरंच विसरले, पण एवढं पक्कं आठवतं: कोंबडी चोचीने अंडी सतत फिरवत राहते, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. सापा-कासवांचं उलट. त्यांचा गर्भ कवचाला आतून वरच्या बाजूला धरलेला असतो. अंडं उलटलं तर तो मरू शकतो. शिवाय कोंबडीच्या पोटाखालची ऊब उकिरड्यापेक्षा जास्त, तीही घातक. म्हणजे घाई करायला हवी होती.

कल्याणला रिक्षा चालवणारे शेखर माझ्या ओळखीचे सर्पमित्र आहेत. ते म्हणाले, "वनखात्याला कळवून निघतो. मॅडम, मी येईपर्यंत काही उचलू नका."

बाळकुमच्या माझ्या घरून शहाडच्या नदीकाठी जायचं असेल तर सातच्या आत कशेळीचा पूल ओलांडा. मी दहा मिनिटं उशीर केला आणि काल्हेरच्या गोदामांपाशी कंटेनरांत पाऊण तास अडकले. कोन नाक्यावर इडली चांगली मिळते, पण थांबले नाही. दुर्गाडी पुलावर पुन्हा रांग. मासा हजारो अंडी पाण्यात सोडून निघून जातो, धामण कुजत्या खताच्या उबेवर सोपवून जाते. कोंबडी मात्र एकवीस दिवस बूड हलवत नाही. आज नेमकी ती चिकाटीच नडत होती.

पोहोचले तेव्हा साडेनऊ झाले होते. विमलच्या सासूबाई टोपलीसमोर पाय पसरून बसल्या होत्या.

"आई, कोंबडी काढा."

"कोंबरी हाय, गारीचा ब्रेक नाय. दाना खाया आपली उठंल."

"तोवर अंडी मरतील."

"तुजा शिकलेला हात नं तिची चोच. बघ जमतंय का."

शेखरनी काय बजावलं होतं ते मी विसरले नव्हते. तरी हात घातला. कोंबडीने मनगटावर चोच मारली, मी हात झटकला, टोपली कलंडली. तीन अंडी भुशात गडगडली. बाकीची अकरा एकमेकांना चिकटलेली होती; तो गठ्ठा जागचा हलला नाही.

सासूबाईंनी मूठभर कणी अंगणात फेकली आणि कोंबडी निमूट उठून गेली.

शेखर आले. गुडघ्यावर बसून बघितलं. "धामणीची आहेत. हे काळे ठिपके कुणी घातले?"

"मीस," सासूबाई म्हणाल्या. "दुसरी कोंबरी येऊन मधीच अंडं घालतं. कंचं बसवलेलं नं कंचं ताजं, कसं कलंल? म्हून कोलसा."

"ठिपका वरच्या बाजूला?"

"खतान होती तशीस उचलली, वरशी कोलसा लावला."

शेखरनी मान हलवली. "आजी, आम्ही हेच पेन्सिलीने करतो."

अकराही ठिपके आभाळाकडे होते. चिकटलेली अंडी कोंबडीला फिरवताच आली नव्हती. सुटी तीन शेखरनी ठिपका वर करून ठेवली. माझा हात लागण्याआधी ती कशी होती, हे सांगता येत नव्हतं. वनखात्याशी फोनवर बोलून त्यांनी खोक्यात ओलसर खत भरलं, अंडी त्यात पुरली आणि खोका गोठ्याच्या सावलीत ठेवला. परत येताना कोन नाक्याला चहा घेतला. इडली गेली नाही.

सहा-सात आठवड्यांनी, इथे स्वयंपाकघरात असताना, विमलचा फोन आला. अकरा पिल्लं बाहेर आली. शेखरनी नदीकाठच्या झुडपांत सोडली. सुटी तीन फुटली नाहीत.

"आई गावभर सांगतायत," विमल हसत म्हणाली, "तीन कोंबडीने फिरवली, म्हणून गेली. बिचारी कोंबडी."

टोपली कलंडली तेव्हा विमल चहा करायला आत गेली होती. सासूबाई समोरच होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

या रविवारी पुन्हा शहाडला जाते आहे. सहालाच निघेन. त्या कोंबडीवरचा आळ मला स्वतः काढायचा आहे.