दोरी म्हणाली, ठीक

हसलात तरी चालेल, मीही हसले असते. करी रोडच्या चाळीत भूतबाधा खोटी असते, असं सांगणारी पत्रकं वाटत मी मोठी झाले. बुवा दिसला की वाद घालणारी मी... पण माझ्या हातांना जे जाणवलं, ते खोटं कसं म्हणू?

मागच्या हिवाळ्यात गिरगाव चौपाटीसमोर आम्ही समुद्राच्या तळाचा सर्व्हे करत होतो. शंख, शिंपले, खेकडे, चिखलातले किडे — कणा नसलेले सगळे जीव. तिथे भराव टाकायला निघालेले लोक म्हणत होते, तळ मेलेला आहे. साफ खोटं! ते खोडायलाच आम्ही गेलो होतो.

भर दुपार. फणसवाडीचा समीर, माझा कॉलेजचा मित्र, खाली उतरला. पाणी इतकं गढूळ की डायव्हरला स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून त्याच्या कमरेला दोरी, दुसरं टोक वर बोटीत माझ्या हातात. मी एक हिसका द्यायचा — ठीक आहेस? त्याने एक परत द्यायचा — ठीक. मी तीन दिले तर वर ये. त्याने तीन दिले तर येतोय.

पतंग उडवतेस काय गो, म्हणून बोटवाले काका चिडवत होते. मी विचारत होते, उत्तर येत होतं. उशीर झाला तेव्हा पुन्हा विचारलं. एक हिसका. ठीक.

तेवढ्यात बोटीच्या मागच्या बाजूला समीर वर आला. काकांनी त्याला आत ओढलं. दोरी खाली तळावरच्या कसल्याशा लोखंडात अडकली होती. हवा संपत आली, तशी त्याने ती कमरेतून सोडून दिली होती.

"ओढून ओढून थकलो मी. झोपली होतीस का?"

"तू ठीक म्हणालास."

"मी? कधी?"

माझ्या हातातल्या दोरीला एक हिसका बसला.

पाण्याचा करंट असेल, समीर म्हणाला. मलाही तेच हवं होतं. करंटला आमच्या खुणा कळणार नाहीत, म्हणून मी मुद्दाम तीन हिसके दिले.

थोडा वेळ काहीच नाही. मग तीन. सावकाश, स्पष्ट.

आणि दोरी सैल पडू लागली... खालचं टोक आमच्याकडे येत होतं.

"काप," समीर पुटपुटला.

मी कापली. ती दोरी तरंगणारी होती, तरी कापलेलं टोक सरळ खाली गेलं.

लाट, मोठा मासा, माझा भास — सगळं लावून पाहिलं, काहीच बसत नाही. हे वाचून कुणी बुवाकडे गेलं तर त्याच्याशी मी आजही भांडेन. पण समीर खाली जिवासाठी धडपडत होता, तेव्हा कुणीतरी मला ठीक, ठीक कळवत होतं. त्याला आमच्या खुणा कळत होत्या, आणि ते खोटं बोलत होतं.