म्हैस जिथं बांधत नाहीत तिथला कॅमेरा

कशालाही आधी पालथा हात लावून बघायची आक्काची सवय. दुधाचं पातेलं, पाण्याची मोटर, आजारी वासरू, सगळ्यांचा ताप बघायची. पहिल्या भेटीत माझ्याही कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "बरा हायेस की. लई बडबडतुयास म्हणून बगितलं."

आक्का मुळशी धरणाकाठी एका बंगल्याची राखण करायची. मी पौडच्या एका दुकानातून कॅमेरे बसवतो. बंगल्याचे साहेब लातूरकडचे, हिंजवडीत आयटीत, शनिवार-रविवार यायचे. त्यांना फाटकही दिसेल आणि धरणही, असा बिनवायरचा, बॅटरीवरचा कॅमेरा हवा होता. मी तो पाण्याकडच्या खांबावर चढवला.

खालून आक्का म्हणाली, "तितं नको. थंडीत तितं आमी म्हससुदा बांधत न्हाई."

मी म्हणलं, "आक्का, हा दूध देत नाही."

दुकानात येऊन कमरेवर हात ठेवून तिची नक्कल केली. सगळे लोळले हसून. नकला मला बऱ्या जमतात, अक्कल नंतर येते.

थंडी वाढली आणि कॅमेरा रोज पहाटे बंद पडायला लागला. ऊन वर आलं की आपोआप चालू. साहेबांनी त्याचा अर्थ लावला की मावशी, म्हणजे आक्का, बंद करतात, काहीतरी बाहेर नेतात आणि परत चालू करतात. तसं ते गावातल्या दूध डेअरीवर बोलूनही गेले, भर सकाळी, माणसं कॅन घेऊन उभी असताना. तेव्हापासून आक्का डेअरीवर आली की गप्पा थांबायच्या.

ती हे करते कसं, ते शोधायला मला पाठवलं. खरं सांगतो, संशय मलाही तिचाच होता. माझं चुकलंय यापेक्षा तिचं चुकलंय हे मला सोयीचं होतं.

सकाळी सहाला पोचलो. पाण्यावरून असलं वारं येत होतं की माझे दात मला न विचारता बोलत होते. कॅमेरा बंद. आक्कानं मला शिडीवर चढवून बॅटरी काढायला लावली. पालथा हात लावला. "गारठलीया ही," म्हणाली, आणि बॅटरी पदराखाली पोटाशी धरून चहा होईपर्यंत बसून राहिली. परत घातली तर कॅमेरा चालू, मोबाईलवर बॅटरीचा आकडाही वर चढलेला.

थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो, हे खोक्यातल्या कागदावर छापलेलं होतं. तुम्ही तरी तो कागद कधी वाचलाय का? त्यात साहेबांनी दिवसभर मोबाईलवर धरण बघून बॅटरी आधीच दमवलेली.

मी साहेबांना फोन लावायला निघालो, तर आक्कानं अडवलं. "फोनवर न्हाई. येऊ दे त्यास्नी."

रविवारी उजाडता उजाडता तिनं साहेबांना हाफ पँटीत खांबाखाली उभं केलं. "हितं ऱ्हावा, मी च्या आणते." चहा तिनं मुद्दाम उशिरा आणला. तोवर कॅमेरा बंद पडला होता आणि साहेबही पडायच्या बेतात होते.

"सॉरी, मावशी," साहेब कुडकुडत म्हणाले.

"मला कशापायी? डेरीवर बोलला व्हता, डेरीवर सांगा."

साहेब गेले. रांगेसमोर उभं राहून म्हणाले की मावशींनी काही केलं नव्हतं, मी चुकलो. मग मलाही पुढं व्हावं लागलं. म्हणलं, खांब मी निवडला, आक्का नको म्हणत होती. आक्कानं ऐकून घेतलं आणि डेअरीवाल्याला विचारलं, "आज माज्या दुदाला फ्याट किती लागलं?"

तिनं दाखवलेल्या आडोशाच्या भिंतीवर कॅमेरा हलवला. धरण दिसत नाही, फाटक दिसतं, आणि पुढची सगळी थंडी तो एकदाही झोपला नाही. आता ताम्हिणीपर्यंत कुठंही कॅमेरा बसवताना मी आधी विचारतो, थंडीत म्हैस कुठं बांधता? गिऱ्हाईक हसतं. माझे कॅमेरे चालतात.

त्याच महिन्यात आक्कानं काम सोडलं. साहेबांनी विनवलं, मीही म्हणलं, आता तर सगळं मिटलंय. "तवा सोडलं असतं तर पळाली म्हणले असते," ती म्हणाली. "आता सोडते."

ती चांद्याला लेकीकडं गेली. तिची शेवटची क्लिप साहेबांनी मला पाठवली. आक्का कॅमेऱ्यासमोर येऊन हात हलवते, त्याचा दिवा लागेपर्यंत थांबते. मग एकेक किल्ली त्याच्यापुढं धरून मोठ्यानं नाव घेते: फाटकाची, सैपाकघराची, पंपाची. जुडगा खिळ्याला अडकवते, पदर सारखा करते आणि ताठ मानेनं फाटकाबाहेर पडते.