मुठीतली वाघीण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला माझ्या मोबाईलचा पासवर्ड ठाऊक आहे, मी मिशा रंगवतो हेही ठाऊक आहे — पण हे नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून असेल.

मी पुण्यात नोकरी करतो. चंद्रपूरकडचा म्हटलं की ऑफिसात पहिला प्रश्न ठरलेला — वाघ पाहिलाय का? मी हो म्हणतो. खुर्च्या जवळ सरकतात. अकरावीत होतो, सावली या तालुक्याच्या गावाहून सायकलनं घरी येत होतो, नाल्यापाशी वाघीण आडवी गेली. पूर्वी ती नुसती आडवी जायची. अलीकडे थांबते आणि वळून माझ्याकडे बघते. गोष्ट इतकी चांगली झालीय की कधीकधी मीसुद्धा घाबरतो.

वाघीण नव्हती — घ्या, सांगून टाकलं. पण मला सांगायचंय ते हे नाही. थापा कोण मारत नाही? सांगायचं ते पुढे आहे, आणि तिकडे जायला पाय उचलत नाहीत, म्हणून आधी सोपं सांगतो.

आमचं गाव सावलीपासून सात किलोमीटर, मधले दोन जंगलाचे. त्या जंगलात वाघ आहेत म्हणत, पण आमच्या रस्त्यावर कुणी पाहिलेला नव्हता. गावातली शाळा सातवीपर्यंत, पुढे सायकल आणि सावली. मला मात्र घुग्घुस हवं होतं. मामा तिथे राहायचा. एक खोली, एक मोटारसायकल, आणि गल्लीच्या तोंडाशी गणित-विज्ञानाचे क्लास. घुग्घुसला कोळशा-सिमेंटच्या धुळीनं झाडांची पानंसुद्धा राखाडी असतात, वाळत घातलेला शर्ट संध्याकाळी पुन्हा धुवावा लागतो. लोक तिथून बदली मागतात. मला तो स्वर्ग वाटायचा. इंजिनिअर व्हायचं तर तिथूनच, हे डोक्यात पक्कं बसलं होतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "धानाच्या रोवणीले कोण, तुहा मामा येते का?"

मग एका दुपारी मी नाल्याच्या ओल्या रेतीत मूठ दाबली आणि तिच्यापुढे चार बोटं टेकवली. असे नऊ ठसे काढले. हात धुतले, सायकल तिथेच टाकली आणि गावापर्यंत पळत आलो. धाप खरी होती.

मला वाटलं होतं, फक्त बाबा घाबरतील. पण गाव म्हणजे काय चीज आहे, हे मला कुठे कळत होतं? शेजारचे सोमाभाऊ कुठल्याच बाबतीत मागे राहणारे नव्हते. त्यांनी तीच वाघीण तीन दिवस आधीच पाहिली होती. "लोक भेतीन म्हणून बोललो नाई," म्हणाले. आठवड्यात तिला दोन पिल्लं झाली. कुणाची तरी बकरी हरवली, तीही तिच्याच नावावर गेली. वनरक्षक फटफटीवर आला, टेप लावून ठसे मोजले, बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "मादी आहे. अंगानं भरलेली." माझी मूठ मादी निघाली, याचं त्या वयात मला थोडं वाईटही वाटलं.

गावाच्या शिवेवर वाघोबाचा दगड आहे. माझा जीव वाचला म्हणून मायनं त्याला शेंदूर लावला आणि नारळ माझ्याच हातानं फोडायला लावला. पहिल्याच फटक्यात फुटला. देव पावला म्हणून सगळे खूश. मी खोबरं खाल्लं. चांगलं गोड होतं.

त्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, "पोराले घुग्घुसले धाडतो." मी आत पिशवी भरायला धावलो. दोरीवरचे ओले कपडेसुद्धा कोंबले. एवढा आनंद मला पुढे नोकरी लागली तेव्हाही झाला नाही.

आणि मग मायचा आवाज आला — "आन् नंदी?"

नंदी म्हणजे नंदा, माझी धाकटी बहीण. आठवीत होती. तीही सावलीलाच जायची, वेगळ्या वेळी, त्याच रस्त्यानं. वर्गात पहिली यायची. मी कधीच आलो नाही.

बाबा म्हणाले, "मामाकडं खोली एकच आहे. पोरगी राहीन घरी."

मी आत होतो. मधे नुसता एक पडदा. चार पावलं टाकून म्हणायचं होतं की बाबा, ती माझी मूठ आहे. मार बसला असता. सोमाभाऊंची पंचाईत झाली असती. बस, एवढंच झालं असतं ना? मी पिशवीला गाठ मारली. मग ती सैल वाटली म्हणून आणखी एक मारली.

सकाळी नंदानं तिचा कंपास आणून दिला. नवा होता. "मले आता कायले लागते," म्हणाली. मी घेतला. त्याच कंपासवर माझं इंजिनिअरिंग झालं.

तिचं लग्न गावातच झालं, चार घरं सोडून. तिची मुलगी यंदा आठवीत आहे. आणि आता त्या रस्त्यावर वाघ खरंच आलाय — मोबाईलवर फोटो आहेत. तिचा नवरा म्हणाला, पोरीला घरी ठेवू. नंदा ऐकेना. गेल्या रविवारी तिचा फोन आला. "दादा, तुह्या वाघिणीनं माही शाळा खाल्ली. हिची नाई खाऊ देत. काठी घेऊन मीच नेतो अन् आणतो." हसत होती. मग म्हणाली, "पण तू तं पाह्यली होती. समोर आली तं काय करावं?"

मी बाविसाव्या वर्षी कुठल्याशा पाटीवर वाचलेलं सांगितलं. पळायचं नाही. पोरीला मागे घ्यायचं. नजर वाघिणीवर ठेवून हळूहळू मागे सरायचं. पाठ दाखवायची नाही.

पाठ दाखवायची नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली, "घरात एकाले तरी माहीत आहे."

मी हो म्हणालो.