काष्टीकर फुटबॉल बघायला आले तेव्हा

नगरचं मैदान, भर दुपार... सत्तर-एकाहत्तरच्या फुटबॉल लीगमधली आमची ती शेवटची मॅच होती. आमचे हे गोलकीपर.

तेव्हा अख्ख्या देशाची अशी एक लीग नव्हतीच हो. पण नगरच्या पहिल्या डिव्हिजनला लष्कराच्या टीम असायच्या, त्यांत पंजाबी, गोरखा, मणिपुरी, केरळी... म्हणजे देशच की आमच्या दारात खेळायला यायचा! आणि त्यांच्यासमोर आमची कारखान्याची टीम, दिवसभर लेथवर उभी राहून संध्याकाळी चेंडूमागे पळणारी.

हंगाम वाईट गेला होता. शेवटच्या नंबरची टीम खालच्या डिव्हिजनला जायची आणि आम्ही तळालाच लोंबकळत होतो... कारखान्याच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, टीम वर राहिली तर खेळाडूंना कायम करतो. खाली गेली तर टीम बंद, आणि टेंपरवारी पोरांनी आपापला रस्ता धरावा.

हे टेंपरवारीच होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि पत्र्याची ती भाड्याची खोली मला जीव की प्राण झाली होती. टीम वर राहायला निदान बरोबरीचा एक गुण तरी हवाच होता.

हे सगळं मी माहेरी काष्टीला बोलून बसले... झालं!

माझे चुलते तात्या म्हणजे जुने पैलवान, कान मोडलेले, फुटबॉल जन्मात न बघितलेले. पण जावयाच्या पोटापाण्याची लढत आहे म्हटल्यावर बाजाराचा दिवस सोडून अख्खी भावकी ट्रकमध्ये घालून आले. सोबत हलगीवाला, आणि तात्यांच्या काखेत नवाकोरा फेटा.

मी कपाळावर हात मारला. तिकडे साहेब खुर्चीत, शेजारी लष्कराचे अधिकारी... आणि इकडे आमचं माहेर मैदानाच्या कडेला बसून "हाण लेका!" करतंय. बरं, कुणाला हाण? दोन्हीकडच्यांना!

मॅच एक-एक अशी अडकली होती. थोडीच मिनिटं उरली, आणि आमच्या एका शहाण्याने गोलसमोर चेंडूला हात लावला. पेनल्टी!

लष्कराचा एक उंचापुरा सरदार चेंडू ठेवून मागे गेला. मी पदर तोंडात धरला, डोळे मिटावेत की नाही तेही कळेना... त्याने हाणला, ह्यांनी उजवीकडे झेप घेतली आणि चेंडू छातीखाली घेऊन पालथे पडले. अडवला, बाई, अडवला!

आणि तेवढ्यात हलगी कडाडली.

कुस्तीत कसं, समोरचा चीत झाला की फड संपला. मग लोकांनी आत धावायचं, पैलवानाला खांद्यावर घ्यायचं, फेटा बांधायचा... काष्टीकरांनी तेच केलं. "जावयानं आस्मान दावलं!" म्हणत सगळे मैदानात घुसले. ह्यांना चेंडूसकट खांद्यावर घेतलं आणि नाचत नाचत चालले की गोलच्याच दिशेने! हे वरून ओरडताहेत, "आरं, आत नका नेऊ! सोडा!" पण हलगीपुढे ऐकतंय कोण?

रेफरी शिट्ट्या मारून लालबुंद झाला. मैदान लगेच मोकळं झालं नाही तर मॅच लष्कराला देऊन टाकीन, असं त्याने घड्याळ दाखवून सांगितलं. साहेब उभे राहिले.

नव्या नवरीने पुरुषांच्या मैदानात जायचं नाही, चुलत्यापुढे आवाज चढवायचा नाही, सगळं मला पाठ होतं. पण पाय थांबलेच नाहीत. पदर खोचला आणि पळत सुटले.

"तात्या, उतरवा त्यांना! चेंडू चीत झालाय, मॅच न्हाई झाली! अजून पाठ टेकायची हाय. बाहेर व्हा, न्हाईतर माझ्या संसाराचं वाटोळं हुईल!"

हलगी थांबली. तात्यांनी एकवार माझ्याकडे बघितलं... मग त्यांनी ह्यांना अलगद खाली ठेवलं. "चला रं सगळी. पोरगी म्हनती त्ये खरं."

रेफरीने खेळ पुन्हा सुरू केला, पण मध्येच थांबलेला खेळ म्हणून नियमाप्रमाणे चेंडू ह्यांच्याकडून घेऊन दोघांच्या मध्ये टाकायचा, आणि टाकला तो अगदी गोलच्या तोंडाशी, सरदार आणि आमच्या एकाच्या मधोमध. सरदाराचा पाय उठला त्याच क्षणी ह्यांनी खाली सूर मारला. बूट तोंडावर बसला, ओठ फाटला... पण चेंडू काही सोडला नाही. कडेला तात्यांनी हलगीवाल्याचे दोन्ही हात धरून ठेवले होते.

मग लांब शिट्टी. बरोबरी! आमची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. साहेब स्वतः चालत आले आणि ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "उद्यापासून कायम."

आणि काष्टीचं एक माणूस जागचं हलेल तर शपथ! सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसलेले. तात्या हळूच म्हणाले, "आता उठू का गं, बाय?"

मला रडूच कोसळलं...

हे त्याच कारखान्यातून रिटायर झाले. तात्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, फुटबॉल त्यांना शेवटपर्यंत कळला नाही. पण भरल्या मैदानात पुतणी खेकसली आणि एवढ्या मोठ्या पैलवानाने ते सगळ्या भावकीदेखत ऐकून घेतलं, तेही त्या काळात... आज आठवलं तरी ऊर भरून येतो.

पाठीशी उभं राहणारं माहेर पुष्कळ जणींना मिळतं. सांगितल्यावर खाली बसणारं मला मिळालं.