नावासकट प्रार्थना

विद्यापीठाच्या कँटीनमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर रोज सकाळी एक तरुण येऊन बसे आणि दिसेल त्याला कॉफी पाजायला बघे. पोरांनी त्याचं नाव कॉफीवाला ठेवलं होतं. तो ना विद्यार्थी, ना शिक्षक, ना कारकून. गावाकडच्या मंडळीने, म्हणजे चर्चमधल्या लोकांनी, वर्गणी काढून, डोक्यावर हात ठेवून, परदेशातल्या विद्यार्थ्यांना तारणाचा मार्ग दाखवायला धाडलेला हा सुवार्तिक. वय चोविशीचं. कपडे धुवायच्या मशिनचं कुठलं बटण दाबायचं ते ठाऊक नाही, आणि निघाला होता जगाला वाट दाखवायला!

त्याच्यासारखे आणखी चार-पाच जण होते आणि त्यांच्यावर दादा आणि वहिनी. दादा म्हणजे गटाचे प्रमुख. त्यांनी मैत्रीचीसुद्धा पद्धत बसवून दिली होती. पहिल्या भेटीत नुसतं हसायचं, दुसऱ्या भेटीत समोरच्याचं दुःख काढून घ्यायचं आणि तिसऱ्या भेटीत प्रभूचं नाव काढायचं. दात उपटणारा डॉक्टरसुद्धा पेशंटला याहून जास्त वेळ देतो. दादा स्वतः कँटीनकडे कधी फिरकत नसत. उंटावरून शेळ्या हाकायचं काम आपल्याला वरूनच नेमून दिलंय अशी त्यांची समजूत होती. कॉफीवाला मात्र नेमाने हसे, इतका की संध्याकाळी त्याचे गाल दुखत. पोरं कॉफी पीत, दुसऱ्या भेटीपर्यंत येत, आणि तिसऱ्या भेटीच्या वेळी नेमका त्यांचा तास असे.

एकच जण या टप्प्यांच्या पार निघून गेला. त्याला सगळे रसायन म्हणत, कारण तो रसायनशास्त्र शिकायला आला होता. दुपारनंतर तो कँटीनच्या मागच्या मोरीत भांडी धुवायचा. भाषा आपलीच, गावही शेजारचं. कॉफीवाला पहिल्या दिवशी हसतमुखाने त्याच्यासमोर उभा राहिला, तेव्हा रसायन म्हणाला, "दात काय दाखवतोस? त्या पातेल्याची दुसरी कडी धर."

कॉफीवाल्याने धरली, आणि मग रोजच धरू लागला. भांडी विसळता विसळता दोघं आपापल्या घरच्यांच्या नकला करत, एकमेकांची टर उडवत आणि हसून हसून साबणाच्या पाण्यात वाकत. प्रभूचं नाव काढायचं कॉफीवाला साफ विसरला. परदेशात येऊन त्याने केलेली शहाणपणाची गोष्ट म्हणजे हा एवढा विसर. पण ते त्याला सांगणार कोण?

एकदा भांडी आवरल्यावर रसायन उलट्या बादलीवर बसला आणि खाली बघत म्हणाला, "मी नापास झालोय. फेरपरीक्षा या महिन्याच्या शेवटी आहे. बाबा सगळ्या गल्लीला सांगत सुटलेत, पोरगा पास झाला म्हणून. पेपर झाला की मी सांगणार आहे त्यांना. पण मीच. माझ्या तोंडून."

"माझ्या पोटात राहील," कॉफीवाला म्हणाला. त्या क्षणी ते त्याला खरंच वाटत होतं. माणूस खोटा नव्हता, कच्चा होता.

शनिवारी दुपारी दादांच्या घरी बैठक असे. गोलात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात गिटार, वहिनींच्या मांडीवर फोन. प्रत्येकाने प्रार्थनेसाठी एक विनंती आणायची, अशी रीत. ज्याच्या विनंतीतलं दुःख मोठं, त्याचा मानही मोठा. एकीने वसतिगृहातल्या मैत्रिणीचा मोडलेला साखरपुडा आणला. दुसऱ्याने एका प्राध्यापकांची दारू आणली. कॉफीवाल्याजवळ आपल्या आईच्या गुडघेदुखीखेरीज काही नसे, आणि ते गुडघे तो कितीतरी शनिवार आणत होता.

"आजही गुडघेच का?" दादांनी विचारलं आणि सगळे हसले.

इथंच घोडं पेंड खात होतं. मार खाल्ला असता त्याने, पण हे हसू त्याला सोसवेना. "माझा एक मित्र आहे," तो म्हणाला, "फार अडचणीत आहे. नाव नको सांगायला."

"नावाशिवाय कसं?" वहिनी पुढे सरकल्या. "विनंती नावासकट द्यायची, ठाऊक आहे ना?"

देवाला म्हणे सगळं ठाऊक असतं. वहिनींना मात्र तपशील लागे. "तो भांडी धुणारा का? नापास? आणि घरी पत्ताच नाही? अरेरे!" त्या 'अरेरे'ला साखरेची गोडी होती. कॉफीवाल्याने नाव दिलं, गाव दिलं, फेरपरीक्षेची बातमी दिली, गल्लीभर मिरवणारे बाबासुद्धा देऊन टाकले. सगळ्यांनी डोळे मिटून मोठमोठे उसासे टाकले. इतकं लक्ष त्याच्याकडे आजवर कुणी दिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. आमेन व्हायच्या आत वहिनींनी ती विनंती प्रार्थनेच्या साखळीवर टाकलीसुद्धा. ही साखळी म्हणजे फोनवरचा ग्रुप. इथे टाकलेलं गावाकडच्या मंडळीत आणि तिथून आणखी दहा घरांत जायचं.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "जेवलास का? अरे, त्या पोरासाठी आम्ही सगळ्या जणी गुडघे टेकून बसलो हो. मीसुद्धा, एवढं दुखत असून! आणि त्याचे वडील आपल्या मावशीच्या शेजारचेच निघाले. मीच तिला म्हटलं, जा, जरा धीर देऊन ये त्यांना. बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं बघ."

कॉफीवाला धावत मोरीत गेला. रसायन एकटाच पातेलं ओढत होता. हा कडी धरायला वाकला.

"राहू दे," रसायन म्हणाला. मग पाठ फिरवूनच बोलू लागला. "बाबांचा फोन आला होता. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, एक बाई आल्या होत्या, त्यांनी सांगितलं. मी त्यांना चहा दिला, आभार मानले. एवढं बोलून फोन ठेवला."

"वाईट हेतू नव्हता रे. सगळ्यांनी तुझ्यासाठी प्रार्थना केली."

"सगळे म्हणजे किती?"

कॉफीवाला बोटांवर मोजू लागला.

"नापास झालो ते सोसलं असतं मी. बाबांना मी सांगणार होतो, एवढी एकच गोष्ट माझ्या हातात उरली होती. तीही तुम्ही वाटून खाल्लीत. जा आता. पाज कॉफी कुणाला तरी."

कॉफीवाल्याला रडू कोसळलं. काहीतरी करावं म्हणून त्याने ओला फडका उचलला. रसायनने तोही त्याच्या हातून काढून घेतला.

पुढच्या शनिवारी वहिनींचा आनंद खुर्चीत मावत नव्हता. "उत्तर मिळालं! जे झाकलेलं होतं ते प्रभूने उघड केलं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रभूने कशाला, तुमच्या ग्रुपने केलं! पण तिथे असं बोलायची सोय नव्हती. दादांनी कॉफीवाल्याला साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूची करणी सगळ्यांना सांगायला, उभं केलं.

"ती प्रार्थना नव्हती," तो म्हणाला. "चहाडी होती. डोळे मिटून केलेली चहाडी. पहिली मी केली, मग तुम्ही सगळ्यांनी."

टाळ्या थांबल्या. दादा रागावले नाहीत. ही माणसं कधी रागावत नाहीत, त्यांच्याशी भांडायचं तरी कसं? ते शांतपणे उठले, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. "प्रभू, आमच्या या भावाचं मन कडू झालंय. परक्या मुलखात एकटा पडलाय. पवित्र शास्त्र उघडत नाही, बैठकीत उलटून बोलतो, भांडी धुणाऱ्यांच्या संगतीत राहतो..." सगळं नावासकट. कॉफीवाल्याने एक डोळा किलकिला करून पाहिलं. वहिनींचा अंगठा फोनवर भराभर चालला होता.

तो खोलीवर पोचतो न पोचतो तोच आईचा फोन आला. त्याला हायसं वाटलं. माझं चुकलं, माझा मित्र गेला, मला घरी यायचंय, हे सगळं त्याला सांगायचं होतं, आणि ते सांगण्यासारखं जगात आता एकच माणूस उरलं होतं.

"आई," तो म्हणाला आणि त्याने नाक ओढलं.

"बोल रे राजा. सगळं कळलंय मला. रडू नकोस, मन मोकळं कर."

पलीकडे कुणीतरी खाकरलं. एक खुर्ची सरकली.

"आई, तू एकटीच आहेस ना?"

"एकटी कशी असेन? सगळ्या जणी आल्यात, तुझ्यासाठी! स्पीकर लावलाय, सगळ्यांना नीट ऐकू यावं म्हणून. बोल बाळा, काय झालं?"

कॉफीवाल्याने बाहीने डोळे पुसले.

"काही नाही गं," तो म्हणाला. "मी बरा आहे. ठेवतो."

पलीकडे कुणीतरी हिरमुसून उसासा टाकला, तो त्याला स्पष्ट ऐकू आला.