सागाच्या पानातले कडबू

हे सांगायचं मी फार वर्षं टाळलं. घरात विषय निघाला की उठून अंगणात जायचो, झाडांना पाणी घालायचो. आता टाळायला वेळ उरलेला नाही. आमच्या नातेवाइकांत अजूनही एक गोष्ट चवीनं सांगितली जाते, आणि तिच्यात माझ्या बायकोचं नाव येतं. ते तिथून काढायचं आहे.

माझी बायको शिरशीकडची, जंगलपट्टीतली. मे महिन्यात तिकडचे फणस हुबळीच्या बाजारात आले की ती मला बरका फणस आणायला पाठवायची. हाताला तेल लावून तो फोडणं, गरे काढणं हे माझं काम. ती गरे चाळणीवर घासून रस काढायची, त्यात तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं घालायची आणि सागाच्या कोवळ्या पानात एकेक पुडी बांधून वाफवायची. सागाच्या पानाचा लालसर रंग कडबूला चढतो. धारवाडच्या मळमड्डीतलं आमचं घर त्या वासानं भरून जायचं.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, हुबळीला दुकानदारांच्या घरात दिलेली. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, आणि ते ती कुणाला विसरू द्यायची नाही. नव्वदच्या सुमारास तिच्या नातवाचं बारसं होतं. बायकोनं पहाटे उठून पातेलंभर कडबू केले. अक्कानं सगळ्या बायकांसमोर एक पुडी सोडली, दोन बोटांत धरून वर केली.

"अगंबाई, हे शिजवलंय की रक्ताळलंय? तुमच्या रानात सागाच्या पानात जेवत असतील, आमच्यात ती गुरांपुढं टाकतात."

बायका हसल्या. अक्कानं खरंच पातेलं बोळात नेऊन गाईपुढं उपडं केलं. मी ओसरीवर पुरुषांच्या पंगतीत बसलो होतो. मी पण थोडंसं हसलो.

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालतात. अक्कानं पातेलं विसळून तसंच हातात दिलं. धारवाडच्या बसमध्ये बायको ते मांडीवर घेऊन बसली होती. नवलूर मागं पडलं. मग म्हणाली, "पुढच्या वेळी डबा नेऊ. पातेलं पिशवीत बसत नाही."

पुढची वेळ आली नाही. तिनं कडबू करणंच सोडलं. मी मे महिन्यात फणसाचं नाव काढलं की म्हणायची, "आता कोण खातंय?" तेव्हापासून अक्काचा तो वर केलेला हात माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही. राखीला तिच्याकडे जायचो, पाया पडायचो, आणि पडता पडता मनात म्हणायचो, थांब.

बरीच वर्षं गेली. तोवर घरी फोन बसला होता, त्यावर एके दिवशी अक्काचा आवाज.

"तम्मा, धाकटीला बघायला येतायत. मुलाची आई शिरशीची आहे रे. तिला म्हणे सागाच्या पानातले कडबू फार आवडतात. तुझी बायको करते की नाही?"

"तू गाईला घातलेस ते?"

"अजून तेच धरून बसलास होय? बोलले असेन काहीतरी. पाठव की."

मी फोन आपटणार होतो. पण बायको मागं उभी होती आणि तिचा चेहरा उजळला होता. "हो म्हणा," ती म्हणाली. "अहो, हो म्हणा ना."

तिनं स्वतः बाजारात येऊन फणस निवडला. ठोकून पाहिला, वास घेतला. पानं धुतली, पुसली. गूळ घालताना दोनदा चव घेतली, मलाही बोट चाटायला दिलं. "बरोबर आहे ना? शिरशीच्या बाईसमोर जाणार आहे." ती स्वतः यायला तयार नव्हती. "माझ्या हातचं पोचलं की झालं."

वाफवलेले कडबू मागच्या पडवीत निवत ठेवून ती पहिली पुडी नैवेद्याला घेऊन देवळात गेली. मी याच वेळेची वाट बघत होतो. कोंडा आदल्या दिवशीच आणून ठेवला होता, गुरांना घालतात तो. एकेक पुडी सोडली, कडबू बाहेर काढला, भिजवलेला कोंडा त्याच पानात भरला, केळीच्या सोपटाच्या त्याच दोरीनं पुन्हा बांधली. पानाची घडी कशी घालतात हे वर्षानुवर्षं बघून मला येत होतं. काढलेले कडबू मागच्या दारानं नेऊन कोपऱ्यावरच्या गाईपुढं टाकले. हात धुतले. फार बरं वाटत होतं, हे लपवत नाही.

पुड्यांचा डबा घेऊन मी हुबळीला अक्काकडे गेलो. पाहुणे आले. मी पुढं होऊन डबा उघडला. मुलाची आई खूश. "अय्या, सागाचं पान!" तिनं पुडी सोडली, घास तोंडाजवळ नेला आणि थांबली.

"इदेनु? हे काय हो?"

अक्कानं दुसरी पुडी सोडली, तिसरी सोडली. तिची बोटं कोंड्यानं माखली. तो चेहरा मी कितीतरी वर्षं मागितला होता. माझं वाक्यही तयार होतं: अक्का, गाईचं गाईला गेलं, आता तुझं तू खा. मी तोंड उघडणार, इतक्यात ती म्हणाली, "बघ तुझी बायको. इतकी वर्षं पोटात ठेवून डाव साधला बघ."

आणि मी गप्प बसलो. समोर पाहुणे होते, भाची रडत आत पळाली होती, आणि माझा डाव आयताच बायकोच्या नावावर गेला होता. ते स्थळ मोडलं.

परतताना मी डबा धुतला, धारवाडला उतरून पेढे घेतले आणि त्यात भरले. बायको दारातच उभी होती.

"आवडले?"

"सगळे संपले."

तिनं झाकण उघडलं. "अक्कांनी पेढे घातले?" ते तिनं देवापुढं ठेवले, मग सगळ्या आळीत वाटले. प्रत्येकीला सांगितलं, नणंदेनं डबा भरून पाठवला म्हणून.

पुढं एका लग्नात ती अक्काशेजारी पंगतीत बसायला गेली, तर अक्का पान सोडून उठली. घरी येऊन बायकोनं विचारलं, "अहो, त्या दिवशी काही बिघडलं होतं का?" मी म्हटलं, "ती तशीच आहे." तेव्हाच सांगता आलं असतं.

अक्का आता थकली आहे, हुबळीत आहे. तिची माफी मी मागणार नाही. कोंडा तिला मिळायलाच हवा होता, फक्त तो कुणी दिला हे तिला कळायला हवं. भाचीची मागितली. तिचं बरं चाललंय, ती हसली आणि म्हणाली, "मामा, सोडा ते."

बायको शेवटी अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी तिला चमच्यानं पेज भरवत होतो. ती मध्येच म्हणाली, "मला वाटतं, त्या कडबूत गूळच कमी पडला असणार. म्हणून अक्का रागावल्या." इतकी वर्षं ती हे शोधत होती. मी चमचा वाटीत ठेवला. म्हटलं, "पेज निवेल."

म्हणायचं होतं ते एवढंच: गूळ बरोबर होता. तुझे कडबू अक्कापर्यंत पोचलेच नाहीत, मीच ते गाईला घातले. मला माफ कर.