परसराम शेठची भवानी

हसायचं असेल तर आधी हातातला कप खाली ठेवा. मागे हा किस्सा सांगताना आमच्या साडूच्या नाकातून चहा आला होता आणि त्याचा शर्ट मलाच धुऊन द्यावा लागला. तर मी एकदा श्रीमंत व्हायला निघालो होतो, त्याची ही गोष्ट.

नव्वदच्या आसपासचा काळ. मी अंबरनाथला एका कारखान्यात फिटर आणि राहायला मोरिवलीत भाड्याची खोली. तेव्हा आमच्याकडे श्रीमंती ओळखणं सोपं होतं. घरात कलर टीव्ही आला की माणूस श्रीमंत. फ्रिज आला की त्याच्याकडे बर्फ मागायला जायचं. आणि फोन आला, की मग त्याला 'अरे' नाही, 'अहो' म्हणायचं! माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. जिद्द मात्र होती, आणि ती ठेवायला जागा लागत नाही.

आमच्या बायकोची, सुमनची, व्याख्या वेगळी. ज्याला घरमालक 'खोली कधी सोडता?' असं विचारू शकत नाही, तो श्रीमंत. आमचा घरमालक हल्ली रोज विचारत होता, कारण त्याच्या मुलाचं लग्न ठरत आलं होतं. बदलापूरला कुळगावात नवीन बिल्डिंग उभी राहत होती. तिथे एक ब्लॉक बुक करायचा म्हणून सुमनने भिशी लावलेली. भिशी लागली, पैसे डब्यात आले, आणि नेमकं तेव्हाच माझं डोकं चालायला लागलं.

झालं असं, की मी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये पँट घ्यायला गेलो. दुकान नुकतंच उघडलं होतं, मालक परसराम शेठ देवाला अगरबत्ती ओवाळत होते. त्यांनी भाव सांगितला. मी निम्म्याहून कमी सांगितला आणि उठलो. एरवी दुकानदार काय करतो? जाऊ देतो. पण शेठनी गल्ल्यावरून वाकून माझा हात धरला.

"साईं, बोहनी का टाइम है. पहला गाहक खाली हाथ नहीं जाएगा. ले जाओ."

साईं म्हणजे सिंध्यांचं 'साहेब' आणि बोहनी म्हणजे आपली भवानी, दिवसाची पहिली विक्री. ती चुकली तर दिवस वाया गेला, असं मानणारी ही माणसं. आणि आम्ही? आमच्या आप्पांनी धम्मदीक्षा घेतल्यापासून घरात शकुन-अपशकुन सगळं बंद. मांजर आडवं गेलं तर आप्पा मुद्दाम त्याच वाटेने जायचे. त्यांचाच मी मुलगा. मला तिथल्या तिथे दिसलं, की या लोकांच्या अंधश्रद्धेत माझा कुळगावचा ब्लॉक दडलाय.

योजना साधी होती. रोज सकाळी पहिलं गिऱ्हाईक व्हायचं, पडेल भावाने पँटी उचलायच्या आणि कारखान्यातल्या लोकांना विकायच्या. सुमनला म्हटलं, सहा महिने दे, दुप्पट करून आणतो. तिने डबा माझ्या हातात दिला आणि झाकण स्वतःकडे ठेवून घेतलं. म्हणाली, डबा भरून आणा आणि झाकण घेऊन जा.

आता जिद्द म्हणजे काय ते ऐका. रात्रपाळी करून डोळे तांबारलेले, तरी मी घरी न जाता थेट सायकल मारत कॅम्प पाचला. शटर वर जायच्या आत मी दारात हजर. सुरुवातीला शेठ नुसते हसायचे. मग स्टूल आलं. मग चहा आला. पुढे पुढे तर मला उशीर झाला की ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला 'दो मिनट बैठो' म्हणून थांबवून ठेवायला लागले. मी मनात म्हणायचो, बघा, शेठ कसा मुठीत आलाय!

हळूहळू शेजारचे दुकानदारही हाका मारायला लागले. कल इधर आना, परसों इधर आना. मी त्यांना वार लावून दिले. सोमवारी परसराम, मंगळवारी त्यांच्या समोरचा, असं. अख्खी गल्ली माझ्या तालावर नाचतेय असं वाटून मी सायकलवर शीळ घालत घरी यायचो.

विक्रीचं विचारताय ना? तीच तर रड आहे. मी कॅन्टीनमध्ये माझी युक्ती मोठ्या तोंडाने सगळ्यांना सांगून बसलो होतो. पगाराच्या दिवशी गेटबाहेर चादर पसरली, तर पहिला आला आमचा वेल्डर म्हात्रे. त्याने पँट उचलली आणि पडेल भाव सांगितला. म्हणाला, भवानी कर.

मी म्हटलं, मी असलं काही मानत नाही.

"मंग ऱ्हाऊ दे," म्हणून तो चालायला लागला.

आणि काय सांगू, पहिलंच गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालेलं बघितलं आणि मलाच वाटलं, आता दिवस वाया गेला! आप्पांची शिकवण चादरीवर ठेवून मी त्याला हाक मारली. दुसरा आला. तो म्हणाला, म्हात्रेला मी पाहिलं नाही, त्यामुळे पहिला मीच. तिसऱ्याचंही तेच. त्या दिवशी माझ्याकडे एकही दुसरं गिऱ्हाईक आलं नाही, सगळे पहिलेच आले. उरल्या त्या पँटी अशा, की एकीत मी आणि आप्पा दोघं मावलो असतो. त्या खाटेखाली गेल्या. डबा रिकामा झाला. सुमनने झाकण पुसून पुन्हा फळीवर ठेवलं, आणि ते मला घरमालकाच्या तोंडापेक्षा जास्त लागलं.

अशात एका सकाळी परसराम शेठ स्वतः मोरिवलीत आमच्या दारात. बरोबर मिठाईचा पुडा. तीन मजली नवीन दुकान घेतलं होतं आणि फीत माझ्या हातून कापायची होती. आळीतली सगळी माणसं बघत होती. मी सुमनला म्हटलं, बघ, आपली काय वट आहे ती!

दोघं नवे कपडे घालून गेलो. हार घातला, फीत कापली, टाळ्या झाल्या. लगेच शेठनी एक पँट माझ्यापुढे धरली, पहिली खरेदी माझीच व्हायला हवी म्हणून. मी घेतली. मग ते जमलेल्या लोकांकडे वळले.

"साईं का हाथ देखो. जिस दिन इनकी बोहनी, उस दिन गल्ला पूरा भर जाता है. ये तीन माले इसी हाथ के हैं."

मी मान डोलावत होतो. सुमन पुढे झाली. तिने शांतपणे विचारलं, की शेठ, यांना भवानीला तुम्ही तोट्यात माल देत होता ना?

शेठनी कानाला हात लावला. "भाभी, झूठ नहीं बोलूँगा. साईं आएँगे मालूम था, तो भाव पहले से चढ़ा के बोलते थे. और जो माल हिलता नहीं, वो सुबह ऊपर रखते थे."

गळ्यातला हार एकदम जड झाला. पळून जावं म्हटलं तर दारात गर्दी. पण सुमन माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिने शेठना सरळ सांगितलं, "मग उद्यापासून हा हात फुकट मिळणार नाही. मला परकराचं कापड घाऊक भावात द्यायचं आणि पैसे विकल्यावर घ्यायचे. जमत नसेल तर हे समोरच्या दुकानात भवानी करतील."

शेठनी हात जोडले. तिथे कबूल करून घेतलं तिने, सगळ्यांसमोर!

माहेरची शिलाई मशीन आली. सुमन परकर शिवायला लागली. आधी मोरिवली, मग पार बदलापूरच्या हेंद्रेपाड्यापर्यंत बायका तिचे परकर मागायला लागल्या. घरमालकाच्या मुलाचं लग्न मोडलं आणि आम्हाला वेळ मिळाला, हे आमचं नशीब. म्हणजे मी नशीब मानत नाही, पण होतं. आणि माझं काय? रोज सकाळी आंघोळ करून खिशातले पैसे काढायचे आणि बायकोकडून एक परकर विकत घ्यायचा, तोही बिनघासाघिशीचा. त्याशिवाय ती मशीनला हात लावायची नाही आणि मला चहा मिळायचा नाही.

चार वर्षांनी कुळगावात ब्लॉक बुक करायला गेलो. बिल्डरने मला मानाने खुर्ची दिली आणि सुमनला विचारलं, "परकरांचा धंदा साहेबांचाच ना?"

ती म्हणाली, "नाही हो, धंदा माझा. हे गिऱ्हाईक."